मिलिमीटरबाईंचे बारा आठवडे

आमच्या कार्यशाळेत पाय तयार होतात. हातही होतात, पण पायच जास्त. कुणाचा साखरेच्या आजाराने गेलेला, कुणाचा यंत्रात, कुणाचा रस्त्यावर. मी प्लास्टरचा माणूस. उरलेल्या मांडीला किंवा पोटरीला ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि साचा घ्यायचा, हे माझं तीस वर्षांचं काम. त्या साच्यावरून जो कप घडवतात, ज्यात माणूस आपला उरलेला पाय घालून उभा राहतो, तो ती घडवायची. माझ्या शेजारच्या टेबलावर, अकरा वर्षं.

तिला सगळे मिलिमीटर म्हणायचे, तोंडावर मिलिमीटरबाई. कारण पेशंट दोन दांड्यांच्या मधून चार पावलं चालला, की ती जमिनीवर उकिडवी बसायची, मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "आतल्या बाजूने दोन मिलिमीटर जास्त आहे. काढा पाय."

"अहो, बरं वाटतंय की," पेशंट काकुळतीला यायचा. बिचाऱ्याला घरी जायचं असायचं.

"आत्ता वाटतंय. संध्याकाळी फोड येईल, मग मला शिव्या घालाल. काढा."

आणि कानस घेऊन ती पुन्हा घासायला बसायची. तिचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही. तोंड फटकळ होतं, पण तिच्या पायावर चालणारा माणूस तिला कधी वाईट म्हणत नसे.

परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाने तिची मुलाखत पडद्यावर घेतली. तिने एक कप कॅमेऱ्यासमोर धरला, आतून-बाहेरून फिरवून दाखवला आणि कुठे किती जाडी ठेवली आणि का, ते सांगितलं. तिथल्या विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्याच दिवशी पत्र पाठवलं. नोकरी पक्की. फक्त कामाचा व्हिसा यायचा होता. किती वेळ लागेल? बारा आठवडे. ही काही तिच्या डोक्यातली कल्पना नव्हती. अर्जाच्या पहिल्या पानावर चौकटीत छापलं होतं: 'सर्वसाधारण कालावधी बारा आठवडे.'

छापलेल्यावर तिने विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. माप म्हणजे माप, असं समजणारी बाई ती.

अर्जासोबत इथल्या नोकरीचा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र मागत होते. तिने राजीनामा दिला. तिच्या जागी नवी मुलगी आली, तिला हिनेच शिकवलं. साहेबांनी मेहेरबानी केल्यासारखं तोंड करून हिला रोजंदारीवर ठेवून घेतलं, "जाईपर्यंत". भाड्याचं घर सोडलं. कपाट, पलंग, कपडे धुवायचं यंत्र, सगळं ज्याला हवं त्याला देऊन टाकलं. नवरा बस चालवायचा. शांत माणूस, चार शब्द विचारले तर दोन बोलणारा. ते दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी नणंदेच्या घरी वरच्या खोलीत राहायला गेले. तीन बॅगा, एक गादी, एक चटई.

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," नणंद म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

बारा आठवडे झाले. तेरावा गेला. संकेतस्थळावर नंबर टाकला की एकच ओळ यायची: 'आपल्या अर्जावर प्रक्रिया सुरू आहे.' सकाळी टेबलावर डबा ठेवला की ती आधी फोन काढायची, नंबर टाकायची, ओळ वाचायची, फोन खिशात. मग कानस उचलायची. मी सुरुवातीला विचारायचो. पाचव्या महिन्यात विचारणं सोडलं, कारण उत्तर तिच्या कानशीच्या आवाजावरूनच कळायचं.

फोन लावला तर ध्वनिमुद्रित बाई बोलायची. गोड आवाज. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. पाऊण तासाने जिवंत माणूस आला तर तो संकेतस्थळावरचीच ओळ वाचून दाखवायचा.

"ते मी वाचलंय," ही म्हणायची. "मला वाचता येतं. फाईल कुणाकडे आहे ते सांगा."

"ती माहिती आमच्याकडे नसते."

"मग तुमच्याकडे काय असतं?"

फोन बंद व्हायचा.

सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणीची मुदत संपली. पुन्हा करा, असं पत्र आलं. म्हणजे पत्र पाठवायला त्यांच्याकडे माणूस होता! छातीचा फोटो, रक्त, लघवी, पुन्हा सगळं. पोलिसांचा दाखला पुन्हा, म्हणजे पोलीस ठाण्याच्या बाकावर दोन दिवस. बाराव्या महिन्यात तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी एक्स-रे काढणारा तिला ओळखून हसला. ती मला म्हणाली, "मामा, माझ्या फुप्फुसांचे जेवढे फोटो निघालेत ना, तेवढे माझ्या लग्नातसुद्धा निघाले नव्हते." मी हसलो. ती हसली नाही.

घरात काय चाललं असेल याची कल्पना करा. तीन महिन्यांचे पाहुणे वर्षाचे झाले. नणंद वाईट नव्हती, पण रोज सकाळी चहाचा कप हातात देताना विचारायची, "वहिनी, काही कळलं का?" रोज. एक दिवस हिने कप ओट्यावर असा आपटला की कान तुटून हातात राहिला. "कळलं की मी छतावर उभी राहून ओरडेन! तोवर विचारू नका!" नणंदेने तोंड फिरवलं. त्यानंतर विचारणं बंद झालं आणि बोलणंही. नवऱ्याने फुटलेला कप उचलला, फरशी पुसली. ती त्याच्यावरही उखडली, "तुम्ही का गप्प? तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना," तो म्हणाला. "पण कुणावर काढू? समोर माणूस तर हवा."

हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. वरून म्हणाली, "खरंय त्यांचं. मला माणूसच सापडत नाहीये."

नातेवाइकांची तर गंमतच. रस्त्यात भेटले की भुवया वर. "अजून इथेच?" जणू हीच बॅग उचलायचा कंटाळा करत होती. आमचे साहेब त्याच्याही पुढचे. "काहीतरी कागद कमी असेल तुमचा. बघा नीट." तिच्या कागदांची फाईल मी पाहिली होती. प्रत्येक पानावर क्रमांक, प्रत्येक प्रतीवर शिक्का, सुरुवातीला यादी. ज्या बाईला दोन मिलिमीटर सहन होत नाहीत, तिचा कागद कमी असेल?

पण खरी ठिणगी पडली ती शाळेत. चौदाव्या महिन्यात वर्गशिक्षिकेने तिला बोलावून घेतलं. मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच बसते, म्हणाल्या. कुणाशी भांडण नाही, अभ्यासात कमी नाही, पण कुणाच्या खेळात जात नाही. वर्गाच्या नाटकात भाग घे म्हटलं तर नको म्हणाली. विचारलं तर म्हणे, "मी जाणार आहे ना. मग कशाला मैत्री करायची?"

सव्वा वर्ष होत आलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला आम्ही मोठ्यांनी सांगितलं होतं, 'आपण जाणार आहोत,' आणि तिने ते खरं धरलं होतं. आईचीच मुलगी.

त्या दिवशी दुपारी ती कामावर आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. डोळे कोरडे, ओठ पांढरे.

"मामा, उद्या अर्धा दिवस सुट्टी घ्या. मला व्हिसाच्या केंद्रावर जायचंय. एकटी गेले तर मी कुणाला तरी मारीन."

गेलो. काचेची खिडकी, आत टाय बांधलेला तरुण. त्याने नंबर टाकला, पडदा बघितला आणि अपेक्षेप्रमाणे तीच ओळ वाचली.

"फाईल कुणाच्या टेबलावर आहे?"

"मॅडम, आम्ही फक्त कागद जमा करतो. निर्णय ते घेतात."

"ते म्हणजे कोण?"

"ते... वरचे."

"त्यांचं नाव?"

"नाव नसतं, मॅडम."

"नाव नसतं?" तिने दोन्ही तळहात काचेवर ठेवले. तिचा आवाज चढला नाही, तो जड झाला. "माझ्या आईबापाची नावं, त्यांच्या जन्मतारखा, मी दहा वर्षांत राहिलेल्या प्रत्येक घराचा पत्ता, माझं रक्त, माझी लघवी, माझ्या बोटांचे ठसे, सगळं तुमच्याकडे आहे. आणि तुमच्या एका माणसाचं नाव मला मिळत नाही? माझी मुलगी शाळेत कुणाशी बोलत नाही. हे कुणाला सांगू? या काचेला सांगू?"

तरुणाने टेबलाखालची कळ दाबली. सुरक्षारक्षक आला. पन्नाशीचा, भक्कम. येताना उजवा पाय जरासा बाहेर फेकत होता. मी खाली बघितलं, तिनेही बघितलं. पाय आमचा होता. शहरात पाय बनवणारी कार्यशाळा आमची एकच, त्यामुळे यात चमत्कार काही नाही, पण त्या क्षणी त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही? मला तुम्हाला बाहेर न्यायला सांगितलंय हो."

"न्या," ती म्हणाली. "पण चालताना पाय बाहेर का फेकताय? गुडघ्याचा स्क्रू सैल झालाय. सोमवारी या."

त्याने आम्हाला बाहेर नेलं, पण फाटकाबाहेर नाही. आवारात रांगेतल्या लोकांसाठी एक बाक होता. त्यावर बसवलं, पाणी आणून दिलं. म्हणाला, "इथे बसायला कुणी मनाई केलेली नाही. मी तरी करणार नाही."

त्याच बाकावर एक सुतार बसला होता. गुडघ्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. काचेसमोरचं सगळं त्याने ऐकलं होतं.

"ताई, तुमचे किती झाले?"

"चौदा महिने. तुमचे, दादा?"

"चौदाच. परदेशात जुन्या इमारतींची लाकडी कामं दुरुस्त करणारी कंपनी आहे, तिने निवडलंय. माझा रंधा, पटाशी, करवती, सगळं धाकट्या भावाच्या हवाली केलं. आता त्याच्याच दुकानात हाताखाली काम करतो. वय त्रेचाळीस होतं अर्ज केला तेव्हा. मर्यादा पंचेचाळीसची आहे. परवा पंचेचाळीस पूर्ण झालं."

तिने त्याची पावती मागितली. आपली काढली. दोन्ही शेजारी शेजारी धरून बघत राहिली, जशी चाल बघते तशी. नंबर लांबलचक होते, पण शेवटी एक अक्षर होतं. तिच्याही पावतीवर 'के'. त्याच्याही.

तेवढ्यात एक पोरगेलीशी परिचारिका हसत बाहेर आली. हातात पासपोर्ट. व्हिसा मिळाला होता, चार महिन्यांत. "जरा पावती दाखवतेस?" हिने विचारलं. शेवटचं अक्षर 'एम'.

"मामा," ती म्हणाली, "हे चुकून होत नाहीये. याला माप आहे."

त्यानंतर दोन महिने आठवड्यातून एक दिवस ती त्या बाकावर बसली. रोजंदारीवरच होती, त्या दिवशी काम नाही तर पैसे नाहीत, पण ती बसली. पोरीची जुनी गणिताची वही घेऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं: अर्ज कधी केला, अक्षर कोणतं, उत्तर आलं का. काही लोक बिचकायचे. आपली फाईल आणखी खाली जाईल अशी भीती. अशांना रक्षकच सांगायचा, "सांगा हो, बाई आपल्याच आहेत. माझा पाय यांनीच केलाय." मग माणसं सांगायची. कधी कधी वैतागून मीच म्हणायचो, अगं, या खेट्यांनी काय होणार? ती म्हणायची, "प्लास्टर लावताना बोलू नकोस म्हणता ना मला? तसंच."

वही भरली तेव्हा चित्र शेंबड्या पोरालाही कळेल इतकं स्पष्ट होतं. 'के' अक्षराची एक्केचाळीस माणसं, सगळ्यांचे अर्ज एकाच तीन आठवड्यांतले. एकालाही उत्तर नाही. बाकी कुठल्याही अक्षराला पाच महिन्यांवर उशीर नाही.

तिने दोन पानांचं पत्र लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. तक्ता आणि खाली एक्केचाळीस सह्या. त्या देशात सरकारी दिरंगाईच्या तक्रारी ऐकणारं एक स्वतंत्र कार्यालय होतं, तिथे पाठवलं. एक प्रत डॉक्टरीणबाईंना. त्या बाईंनी नोकरी अजून राखून ठेवली होती. त्यांनीही आपलं खरमरीत पत्र जोडलं.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. दुपारची वेळ होती. ती उभ्यानेच वाचत होती, मी साचा ओतत होतो.

"वाच ना मोठ्याने," मी म्हणालो.

तिने वाचलं. 'के' या तुकडीकडे दिलेले अर्ज, अंतर्गत पुनर्रचनेत ती तुकडी बंद झाल्यामुळे, अन्य तुकडीकडे वर्ग करावयाचे राहून गेले. अर्जांची स्थिती आणि मुदत संपल्याची पत्रं संगणकाद्वारे आपोआप दिली जात होती. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

"म्हणजे?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"म्हणजे कुणी उघडलीच नाही, मामा. अठरा महिने. तिकडे माणूसच नव्हता. रिकाम्या खोलीत पडून होत्या आमच्या फायली, आणि ते यंत्र रोज सकाळी मला सांगत होतं, काम चालू आहे म्हणून." तिने कानस उचलली, परत ठेवली. "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. नाही म्हणायला निदान वाचावं तरी लागतं. माझी पोर... माझ्या पोरीने दीड वर्ष कुणाशी मैत्री केली नाही, आणि हे म्हणतात, वर्ग करायचं राहून गेलं!"

'गैरसोय' हा शब्द तिने पुन्हा एकदा उच्चारला, तोंडात खडा आल्यासारखा. मग ती बाहेरच्या नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. माझा साचा त्या दिवशी बिघडला. तीस वर्षांत पहिल्यांदा घोटला नाही म्हणून हवा राहिली आत. मला लाज वाटली नाही.

पुढच्या सहा आठवड्यांत 'के'च्या फायली सुटल्या. धडाधड. जे काम अठरा महिन्यांत झालं नाही, ते दीड महिन्यात उरकलं. तिचा व्हिसा आला. तिचा धरून वहीतल्या चाळीस जणांचे आले.

सुताराला नकार आला. निर्णयाच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या वर.

तो कार्यशाळेत आला, पिशवीतून पत्र काढून तिच्या टेबलावर ठेवलं. रडला नाही, ओरडला नाही. "ताई, उशीर त्यांनी केला. मग वय माझं कसं मोजतात?" एवढंच विचारलं. तिने त्याच दिवशी त्याच्यासाठी अपील लिहिलं. आपलं तिकीट तीन आठवडे पुढे ढकललं. नवऱ्याने एका शब्दाने अडवलं नाही. अपिलाचं उत्तर मात्र वेळेत आलं, बरोबर वीस दिवसांत: नियम नियम आहे.

तिच्या निरोपाला साहेबांनी सगळ्यांना जमवलं. फुलं आणली होती. बोलता बोलता म्हणाले, "बाईंकडून आपण सगळ्यांनी संयम शिकायला हवा. बावीस महिने त्यांनी शांतपणे वाट पाहिली..."

"साहेब," ती मध्येच म्हणाली, "मी शांतपणे वाट पाहिलेली नाही. शांत बसले असते तर ती खोली अजून बंद असती. संयमाचं कौतुक माझ्या नावावर खपवू नका. आणि त्या वेळी तुम्ही मला म्हणाला होतात, तुमचाच कागद कमी असेल."

साहेबांचा हात फुलांसकट हवेत राहिला. नवी मुलगी खाली बघत होती. हिने फुलं घेतली, टेबलावर ठेवली, आणि अर्धवट राहिलेल्या तीन कपांमध्ये कुठे किती घासायचं ते त्या मुलीला नीट समजावून सांगितलं. मग मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

आता ती तिथे आहे. महिन्यातून एकदा फोन करते. तिथली यंत्रं चांगली आहेत, म्हणते, पण घासायचं कुणाला धड येत नाही. मुलीला एक मैत्रीण मिळाली आहे, एकच, पण रोज घरी येते. फोनवरही तिचा आवाज मऊ झालेला नाही. पहिल्या पगाराआधी तिने त्या स्वतंत्र कार्यालयात सुताराच्या वयाची तक्रार नोंदवली होती, आणि दर महिन्याला स्वतः जाऊन विचारत होती. आता ती त्यांच्याच गावात होती, हाकलायला मध्ये काच नव्हती.

आठ महिन्यांनी निकाल लागला. तिने मला तो पाठवला आणि सांगितलं, "मामा, फोनवर नको. तुम्ही स्वतः जाऊन सांगा त्यांना."

मी सुताराच्या भावाच्या दुकानात गेलो. तो यंत्रावर फळ्या कापत होता, अंगभर भुसा. मला बघून त्याने यंत्र थांबवलं. मी कागद वाचून दाखवला. नियम बदलला आहे. यापुढे अर्ज केल्याच्या दिवशीचं वय धरलं जाईल. हा बदल आजपासून येणाऱ्या अर्जांना लागू राहील.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे मला नाही."

"नाही."

त्याने मान हलवली. कानावरची पेन्सिल काढून फळीवर एक रेघ मारली, मग ती चुकली म्हणून खोडून दुसरी मारली. "ताईंना सांगा, निरोप पोचला," तो म्हणाला, आणि यंत्र सुरू केलं.